आर्डिसची जागा

खऱ्या त्यागाला साक्षीदार नसतो. आर्डिसच्या त्यागाला मात्र अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं तिचं अख्खं गाव साक्षीदार होतं, कारण चर्चमधल्या प्रत्येक केकविक्रीला ती तो स्वतःच सांगत असे.

लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात तिला गालगुंड झालं, ती घरी राहिली, आणि नेमकं त्याच दिवशी तिच्या नवऱ्याच्या, नॉर्बर्टच्या, संघानं अजिंक्यपद पटकावलं! जिंकत असेपर्यंत बेसबॉलची माणसं शकुन मोडू नये म्हणून मोजेसुद्धा धूत नाहीत. तिथं तिचं घरी राहणं कोण बदलणार? "तू आपली घरीच थांब, आर्डी," तो म्हणाला... आणि ती थांबली! नॉर्बर्ट राज्यातला सर्वांत यशस्वी मॅनेजर, म्हणजे संघाचा प्रशिक्षक, झाला, कपाट चषकांनी भरलं, आणि ती अभागिनी उरातली वेदना गिळून रेडिओपाशी बसून ते चषक पुसत राहिली...

आज त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा सामना होता, तोही अंतिम. जेवणाच्या टेबलावर लेक कॉरीननं बटाट्यांचं भांडं दाणकन आपटलं.

"डॅड, मॉमनं तुला मैदानावर एकदाही पाहिलं नाही. लाज वाटते का काही?"

"रेडिओवर सगळं कळतं की."

"रेडिओवर तू दिसतोस?"

"दिसण्यासारखं काय राहिलंय त्यात," आर्डिस हुंदका आवरत म्हणाली. "पोट सुटलंय नुसतं."

नॉर्बर्टनं काटा खाली ठेवला. "आज ये, आर्डी."

"आणि हरलात तर? गाव मला फाडून खाईल!"

"हरलो तर हरलो!"

हे वाक्य त्या तोंडातून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आर्डिसच्या डोळ्यांना धारा लागल्या...

आणि आर्डिस पहिल्यांदाच मैदानावर, प्रेक्षकांत जाऊन बसली. शेवटच्या डावात नॉर्बर्टचा संघ एका धावेनं पुढे होता; पण समोरच्यांचे तिन्ही बेसवर गडी उभे, आणि आपला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, ड्वेन याचा खांदा पार गळून गेलेला. मागच्या रांगेतून हार्डवेअरवाला एल्मर वाकला.

"आर्डिस, राग मानू नकोस, पण जरा गाडीत जाऊन बसतेस का?"

ती उठली. पर्स छातीशी धरून, शांतपणे, जन्मभराच्या सवयीनं निघाली...

इकडे पिचर बदलायला नॉर्बर्ट मैदानात आला होता. ड्वेनकडून चेंडू परत घ्यायला त्यानं हातही पुढे केला होता, तोच त्याला तिची पाठ दिसली! तो तसाच वळला आणि कुंपणापाशी धावला. टोपी हातात, डोळ्यांत पाणी.

"आर्डी, खाली बस! मी जिंकलो ते मला खेळ कळतो म्हणून! तू घरी होतीस म्हणून नव्हे! उगाच तुला कोंडून ठेवलं गं... चुकलो मी!"

"हे आत्ता सुचलं तुला?"

"आत्ताच!"

"मग त्या एल्मरला सांग!"

"एल्मर, तोंड बंद ठेव!"

ती बसली. स्वतःच्या जागेवर, राणीसारखी! प्रेक्षक उभे राहिले, पंचानंसुद्धा बाहीनं डोळे टिपले, आणि टाळ्यांच्या त्या कडकडाटात नॉर्बर्ट छाती काढून, थेट आपल्या बाकावर जाऊन बसला.

ड्वेनचा पुढचाच चेंडू समोरच्यांनी भिंतीपलीकडे टोलवला, आणि सामना हातचा गेला. पिचर बदलायचा राहिला होता.