साक्षीचा तुकडा

शनिवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

गाडीतल्या कोऱ्या कार्पेटवर दोन टाचांचे ठसे होते.

गाडीत कोणीही बसलं नव्हतं.

ही हकिगत घडलेली आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो चष्म्याचं दुकान चालवतो. मिलिमीटरमध्ये विचार करणारा माणूस. भुताखेतांचा विषय निघाला की उठून जाणारा. तो, त्याची मुलगी आणि गाड्यांच्या सीटा-कार्पेट शिवून बसवणारा कुशनवाला, तिघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं. तिघांच्या सांगण्यात एका वाराचाही फरक नाही.

गाडी त्याच्या वडिलांची, अण्णांची. जुनी, दोन आसनांची, उघड्या टपाची, पळायला जन्मलेली. अण्णा गेले आणि गाडी त्याच्याकडे आली. दोन वर्षं तो आणि त्याची एकोणीस वर्षांची लेक तिच्यामागे हात धुऊन लागले होते. जुन्या गाड्यांच्या फेरीत उतरायचं. तो चालवणार, लेक शेजारी बसून नकाशा वाचणार. पोरीने त्यापायी दोन उन्हाळे नखं काळी करून घेतली होती.

इंजिन झालं. तळाचा पत्राही नवा झाला. उरलं होतं ते पायाखालचं.

"काळं टाकू," कुशनवाला म्हणाला. "आधीही काळंच होतं. कोण खाली वाकून बघतंय?"

"परीक्षक वाकतात."

"वाकू द्या. त्यांची कंबर, आपलं काय जातंय?"

पण पत्रा बदलायच्या आधी काळं कार्पेट उचकटलं होतं, तेव्हा त्याखाली दुसरा थर निघाला होता. गडद लाल, लोकरीचा. मूळ कारखान्याचा. चालकाच्या बाजूला त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. डाव्या बाजूला, शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी, तो शाबूत होता...

दोन भोकं सोडून.

कुशनवाल्याने भोकांत बोटं घालून पाहिली. "चालकाच्या टाचेने झिजतं, हे शंभरदा पाहिलंय. शेजारच्याच्या पायांना काय काम असतं हो?"

आणखी एक गोष्ट होती. उजवीकडचं काळं कार्पेट नुसतं अंथरलेलं होतं. डावीकडचं गोंदाने चिकटवलेलं होतं. काठोकाठ.

चष्मेवाल्याने लालच ठरवलं. सीटच्या पट्टीखाली ऊन न लागलेला एक कोपरा सापडला, त्याच्याशी त्याने लोकरीचे अकरा नमुने दुकानाच्या दारात, सकाळच्या उजेडात ताडून पाहिले. नववा जुळला.

या कुशनवाल्याची एक रीत होती. नवं कार्पेट अस्सलवरूनच बेतलंय हे दाखवायला तो जुन्याचा तळहाताएवढा तुकडा नव्याच्या पोटाला शिवून ठेवायचा. साक्षीचा तुकडा म्हणायचा त्याला. तो सीटखालचा चांगला कोपरा कापणार होता.

"तिथला नको," चष्मेवाला म्हणाला. "भोकांच्या मधला घ्या. झीजही दिसू दे."

शुक्रवारी संध्याकाळी कार्पेट बसलं. गॅरेजला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात.

शनिवारी ठसे.

"बबडे, बूट घालून बसलीस?"

"बाबा, मी तर अजून पायसुद्धा आत ठेवला नाही. तू जीव घेशील माझा!"

त्याने ब्रशने लोकर उभी केली. रविवारी ठसे परत. डोळ्यांमधलं अंतर मोजायची पट्टी खिशात असतेच. त्याने ती लावली. एकशे बेचाळीस मिलिमीटर. डावा ठसा जास्त खोल.

सोमवारी भर दुपारी तो गॅरेजात दिव्याची काच पुसत होता. बाहेर कुणीतरी नळ सोडला होता. तो बंद झाला.

मग काहीच ऐकू येईना.

मग डाव्या सीटचं चामडं करकरलं... हळू... कुणी अंग चोरून बसावं तसं.

त्याने मान वळवली. सीट रिकामी होती.

त्याच्या डोळ्यांदेखत लाल लोकर खाली दबत गेली. आधी डावी. मग उजवी.

मंगळवारी तो आत्याकडे गेला. अण्णांची धाकटी बहीण, वय एक्क्याऐंशी, जीभ अजून धारदार. आई तापाने गेली असं घरात सांगत; तेव्हा तो चार वर्षांचा होता. तुझी आई या गाडीत कधी बसलीच नाही, असं अण्णा नेहमी सांगायचे. कुणी न विचारता सांगायचे.

त्याने मोबाइलवरचा फोटो पुढे केला.

आत्याने चष्मा न लावताच विचारलं, "डावी टाच खोल आहे?"

हे त्याने तिला सांगितलं नव्हतं.

"तिला वेग सोसायचा नाही रे. पाय रोवून बसायची. हळू हळू म्हणायची. तुझा बाप हसायचा आणि आणखी दामटायचा."

"म्हणजे आई बसायची गाडीत?"

आत्या उठली. "चहा घेशील ना?"

"आत्या, आई कशाने गेली?"

"साखर कमीच घालते." ती आत गेली, ती चहा उकळून आटेपर्यंत बाहेर आली नाही.

त्या संध्याकाळी त्याने कार्पेट उलटं केलं, टाके उसवले आणि साक्षीचा तुकडा काढला. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकला. कचरा नेणारे गेले, तोवर तो रस्त्यावर उभा होता.

नऊ दिवस. एकही ठसा नाही.

पोरीला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. दोन वर्षं राबली होती ती. कुठल्या तोंडाने नको म्हणणार?

फेरीचा दिवस. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. ऊन चांगलं होतं, रस्ता मोकळा. परीक्षकांनी कार्पेटला पूर्ण गुण दिले होते. लेक नकाशा मांडीवर पसरून बसली होती.

"बाबा, हळू."

"साठवर तर आहे. घाबरट!"

तिने नकाशावरचं बोट पुढे सरकवलं. तिसरं वळण मागे पडलं.

"बाबा..."

"आता काय?"

"माझ्या पायांवर कुणीतरी पाय दिलेत."

त्याने खाली पाहिलं. तिच्या कापडी बुटांच्या चवड्यांवर दोन खळगे पडले होते. ते खोल होत होते.

त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली. तरी तिला पाय उचलता येईनात. नकाशा चुरगळून धरून ती ओढत होती, तो दार उघडून तिला खांद्याला धरून ओढत होता. दहाएक सेकंद. मग एकदम सुटले.

दोन्ही पायांवर अर्धचंद्रासारखे काळेनिळे वळ होते. डावा जास्त.

कार्पेट स्वच्छ होतं.

त्याने तिथूनच आत्याला फोन लावला आणि साक्षीच्या तुकड्यासकट सगळं सांगितलं.

"तुकडा काढलास?" आत्याचा आवाज बसला. "तिला बसायला तेवढीच जागा होती रे."

फोन कट झाला. त्यानंतर आत्या त्याचा फोन घेत नाही.

याला सात आठवडे झाले. गाडी झाकून ठेवली आहे. कुशनवाल्याने जाऊन पाहिलं, लोकर अजून कोरी उभी आहे. लेकीच्या पायांवरचे वळ गेलेले नाहीत. डॉक्टरांनी दोनदा मलम बदलून दिलं. ती गाडीत बसत नाही, कॉलेजला चालत जाते.

काल सकाळी साडेआठला चष्मेवाल्याने दिवाणखान्यातला गालिचा झटकून पसरला. नऊला तो पेपर घेऊन बसला, तेव्हा सोफ्यासमोर, लेकीच्या नेहमीच्या जागेपुढे, दोन खळगे होते. त्याने हाताने लोकर सारखी केली. ती पुन्हा दबली.

त्याने खिशातून पट्टी काढली.

एकशे बेचाळीस.

लेक सोफ्यावरच बसली होती. पाय वर घेऊन.