पाचवा शंख

कुत्रा नको, मांजर नको, पोपट तर मुळीच नको, असं मी आर्याला तीन वर्षं बजावत होते. शेवटी बनशंकरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये खेकडे आले. शंखात राहणारे, जमिनीवरचे, हर्मिट क्रॅब म्हणतात ते. आणले तनयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने. निस्तरायला अर्थातच मी. काचेच्या टाकीत ओली वाळू, एका वाटीत गोडं पाणी, दुसरीत खारं. मी पुण्याची, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टर. कोणी काही सांगितलं की आधी ते चूक धरून चालायचं, ही माझी सवय. पण खेकड्यांत नावं ठेवण्यासारखं काही सापडेना. भुंकत नव्हते, केस गाळत नव्हते.

चार होते, उतरत्या आकाराचे. आर्या सात वर्षांची, पुढचे दोन दात नुकतेच पडलेले. तिने बोबड्या तोंडाने लगेच बारसं उरकलं: आजोबा, बाबा, आई आणि मी.

"मॅडम, रिकामे शंख भरपूर ठेवा," दुकानदार कार्तिक मला फोनवर त्याच्या कानडी हेलात म्हणाला होता. "एकच ठेवला तर मोठा त्यात जातो, त्याच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा. स्वल्प गडबड होते." मी हो हो म्हटलं आणि विसरले.

जुलैत माझे सासरे गेले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. दुपारी जेवून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. तनय पार कोलमडला. मूठ दातांत धरून रडायचा, आवाज न करता. भटजी, नातेवाईक, फोन, सगळं माझ्यावर. तिसऱ्या दिवशी खेकड्यांना पाणी ठेवायला गेले, तर टाकीत नानांच्या पूजेतला शंख.

"आर्या! हे काय गं?"

"आजोबा नाहीयेत ना आता. रिकामाच होता."

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, ओरडायचं राहून गेलं. तेव्हाच उचलून ठेवायला हवा होता. पण घरात सुतक, आणि तेरावा होईपर्यंत देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. एरवी मी असलं काही मानत नाही हो! पण तनयची आत्या मुक्कामाला होती. म्हटलं, उगाच वाद नको, तेराव्यानंतर धुऊन ठेवू.

बाराव्या दिवशी सकाळी अकराला माझा ऑफिसचा कॉल चालू होता. सहज टाकीकडे लक्ष गेलं. चौघे त्या शंखाशी रांगेत उभे होते. सर्वांत मोठा पुढे, सर्वांत छोटा शेवटी, प्रत्येकाने पुढच्याचा शंख धरलेला. अर्धा तास कोणी हललं नाही. मग मोठ्याने आपला शंख सोडला. ते नरम, वाकडं, उघडं अंग बघून मला शिसारी आली. तो पूजेच्या शंखात शिरला आणि मागचे तिघे पटापट एकेक घर पुढे सरकले. सर्वांत लहान शंख मागे रिकामा पडला. मी कौतुकाने व्हिडिओ काढला, आर्याला दाखवायला.

तेरावा झाला, आत्या गेली. दुसऱ्या दिवशी तनय नानांच्या खुर्चीत पेपर वाचत बसला होता, नानांचा चष्मा लावून.

"अरे, काढ तो. डोळे बिघडतील."

"सूनबाई, चहा टाक जरा."

चेष्टा असेल म्हणून मी हसले. तो हसला नाही. त्याने डावा गुडघा चोळला, नाना चोळायचे तसा.

दुःखाने होतं असं, एक डॉक्टर म्हणाल्या. मला पटलं. पण मग तनयच्या ऑफिसची मीटिंग मी तासभर चालवली आणि तनय कुठे आहे, हे कोणी विचारलंच नाही. एका सकाळी घाईत त्याचे नऊ नंबरचे बूट पायात सरकवले. लिफ्टमध्ये लक्षात आलं की ते सैल होत नाहीयेत.

संध्याकाळी घरी आले, तर आर्या ओट्यापाशी स्टुलावर उभी राहून फोडणी करत होती. मोहरी तडतडायची वाट पाहून मग हिंग टाकला. फ्रॉकला हात पुसले.

"कोणी शिकवलं तुला हे?"

"हातपाय धू आधी. आणि डबा बाहेर काढ. रोज सांगावं लागतं!"

माझं वाक्य. तनयला रोज म्हणायचे ते. तेराव्यापासून तिने मला एकदाही आई म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. 

मी टाकीत हात घातला. पूजेच्या शंखातला खेकडा धरला आणि ओढला. हे तुटतात पण शंख सोडत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी ओढला.

खुर्चीत तनय किंचाळला. कंबर धरून वाकला.

मी सोडलं.

त्याने चष्मा सारखा केला, पेपर उचलला.

पुन्हा हात लावला नाही. कसा लावणार? नवरा आहे माझा.

दहा नवे शंख आणून टाकले. एकही खेकडा तिकडे फिरकला नाही.

आता ऑगस्ट संपत आलाय. शाळेची बस खाली हॉर्न वाजवायची, तीही आता थांबत नाही. शाळेतून फोन नाही. एक शंख वेळेवर उचलला नाही आणि माझ्या लेकीचं बालपण गेलं. ते परत कसं आणायचं, मला माहीत नाही. मी रडते तेव्हा मूठ दातांत धरते.

काल आर्याने चार पानं वाढली. चौथं ताट छोटं, तिच्या बारशात आलेलं, काठावर 'आर्या' असं नाव घातलेलं. त्यात वरणभात कालवून ठेवला.

"हे कोणाला?"

"जागा रिकामी आहे ना," ती म्हणाली. "येईल कुणीतरी."

आज सकाळी ताट चाटूनपुसून स्वच्छ होतं. टाकीतला तो मागे राहिलेला लहान शंख वाळूत पालथा झाला होता. चारही खेकडे त्याच्यापासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात, एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

आतल्या खोलीतून हाक आली. "बाबा!" पुढचे दोन दात पडलेला, बोबडा आवाज.

आर्या माझ्यासमोर पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही.

"जा," ती मला म्हणाली, "तुलाच बोलावतेय."