दोराच्या नावाचं झुडूप

"करडू कोल्ह्यानं नेलं. रात्री गोठ्याचं फाटक लावायला नको होतं का?" एवढं बोलून साव्हेरिओकाका चर्चसमोर सणाचा फुलांचा गालिचा आखायला निघून गेले.

असुंताला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. फाटक तिनं लावलं होतं म्हणजे लावलंच होतं! करडू कुंपणावरून उडी मारून गेलं असणार, आणि त्याला शोधल्याशिवाय ती स्वस्थ बसणार नव्हती.

गालिच्यासाठी पिवळी फुलं आणायच्या निमित्तानं ती, भाऊ रोक्को आणि शेजारची पिना टोपल्या घेऊन टेकडीवर चढली. सारा उतार जिनेस्त्राच्या झुडपांनी पिवळाधमक झाला होता. टोपल्या भरत असतानाच जमिनीखालून बारीक बें-बें ऐकू आलं.

जुनी कोरडी विहीर सताड उघडी होती! तोंडाभोवतीचं गवत गोल दबून पांढरं पडलं होतं, म्हणजे झाकण नुकतंच कुणीतरी काढलं होतं. करडू तळाशी धडपडत होतं. रोक्को धावत गावात जाऊन आला, पण मोठ्यांनी त्याला मिरवणूक संपेपर्यंत थांबायला सांगितलं होतं.

"तोवर तहानेनं मरेल ते," असुंता म्हणाली. मग झुडपाकडे बघत पुटपुटली, "स्पार्टियम जुन्सेउम."

रोक्कोनं कपाळावर हात मारला. "करडू मरतंय आणि लॅटिनबाई मंत्र म्हणतायत!"

"स्पार्टियम म्हणजे दोराची, जुन्सेउम म्हणजे लव्हाळ्यासारखी. शाळेत बाईंनी शिकवलंय. नाव ठेवणारे काय वेडे होते? तोड फांद्या!"

फांद्या पिळून वळलेला पहिला दोर ओढताच सुटला. रोक्को हिरमुसला, असुंतानं मात्र पुन्हा वळायला घेतला, या वेळी तिपेडी आणि जाड. तिघांनी रस्सीखेच करून तो पारखला. मग फुलांची टोपली त्याला बांधून, आत असुंताचा पाव ठेवून खाली सोडली. भुकेलं करडू टोपलीत शिरलं आणि तिघांनी हळूहळू वर ओढलं. नाकाला पिवळ्या पाकळ्या चिकटवून स्वारी बाहेर आली!

करडू घेऊन ते गावात आले, तेव्हा गालिच्याच्या मधोमध एका गोल फळीवर फुलांचा सूर्य सजत होता. फळीला लोखंडी कडी होती.

"अय्या, हे तर विहिरीचं झाकण!" पिना म्हणाली.

साव्हेरिओकाकांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळ्यांदेखत टोपी काढली. "फाटक नव्हे, विहीर उघडी होती. आणि ती मी उघडी टाकली. असुंता, माझं चुकलं बाळ."

त्यांनी तो हिरवा दोर हातात घेऊन ओढून पाहिला. एरवी तिच्या लॅटिनची टिंगल करणारे काका हळूच म्हणाले, "या दोराच्या झुडपाचं ते लॅटिन नाव काय गं?"

असुंतानं तोंड उघडायच्या आत रोक्कोनंच ते खणखणीत सांगितलं.