सतराव्या मिक्समधला श्वास

"गाणं कानाला कसं वाटतंय तेवढं सांगा, कुठली फ्रिक्वेन्सी बिघडलीय ते मी डोळे मिटून सांगतो!" अशी फुशारकी साउंड इंजिनिअरने पहिल्याच दिवशी मारली होती. गायिका दाताच्या दवाखान्याचा जिना चुकून त्याच्या तळघरातल्या स्टुडिओत शिरली होती. दाढ बरी झाल्यावर ती स्वतःचं गाणं घेऊनच परत आली.

आज सतरावा मिक्स, म्हणजे त्याच गाण्याच्या आवाजांची सतरावी जुळवाजुळव. ती 'हो' म्हणाली की गाणं संपलं... आणि तिचं येणंही.

"गढूळ वाटतंय," ती म्हणाली.

"अडीचशे हर्ट्झ." त्याने इक्वलायझरवर तिथला आवाज कापला.

"आता नाकात गायल्यासारखं."

"हजारच्या आसपास." आणखी एक नॉब फिरला.

"आता जरा... हवा हवीय."

"बारा हजारांच्या वर!"

"अहाहा!" ती म्हणाली. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग तिने स्पीकरकडे कान लावला. "एक सांगू? ओलसर वाटतंय. म्हणजे... कुणीतरी अगदी मानेशी उभं असल्यासारखं."

हा शब्द त्याच्या डोक्यातल्या तक्त्यात नव्हता. मग त्याने नेहमीची युक्ती केली: एकाच फ्रिक्वेन्सीचा आवाज पुरता चढवला आणि तो चढ खालच्या फ्रिक्वेन्सीपासून वर सरकवत नेला. खोट जिथे असते तिथे ती किंचाळून उठते. तीनशेपाशी स्पीकरमधून कुणीतरी श्वास घेतला. सावकाश... काहीतरी बोलायच्या आधी घेतात तसा.

"हा माझा नाही. तुमचा?"

"छे! तुम्ही गाताना मी श्वास रोखून बसतो." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

"का हो?" तिच्या गालाला खळी पडली, पण नजर स्पीकरवर होती. श्वास पुन्हा आला. टेबलावरचा कागद हलला. "आधी कापा तो!"

त्याने कापला. श्वास थांबला.

"बघा!" त्याने ऐटीत बोट दाखवलं, आणि चेहरा पांढराफटक पडला. इक्वलायझरचं बटण बंद होतं. सकाळपासून.

"अहो, पण मला फरक ऐकू आला की!"

"हात नॉबवर फिरताना दिसला की कान फसतात. माझेसुद्धा."

"मग... श्वास कुणी थांबवला?"

त्याने गाणंच बंद केलं. तिने त्याची बाही घट्ट धरली. "खरं सांगू? गढूळ-बिढूळ काही नव्हतं. गाणं तिसऱ्या मिक्सलाच झालं होतं. मी उगाच खुसपटं काढत होते."

"माहीत होतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू यायची थांबली असतीस..."

स्पीकरमधून कुणीतरी सुटकेचा निःश्वास सोडला. गाणं तर बंद होतं.

दोघं हातात हात घालून जिन्याने वर पळाली, ती थेट दाताच्या दवाखान्याच्या दारात थांबली.

"मिक्स सेव्ह केलास ना?" तिने धापा टाकत विचारलं.

केला नव्हता. स्टुडिओचं दार आपोआप बंद झालं होतं, किल्ली आत राहिली होती, आणि आत कुणीतरी अठराव्या मिक्सला बसलं होतं.