शेंड्यातली ठिणगी

राखेत करंगळीएवढं भोक होतं. धूर नाही, ठिणगी नाही. फक्त भोकावरची हवा किंचित थरथरत होती. मी पालथा हात जवळ नेला आणि झटकन मागे घेतला.

"ताई, इथे आहे!"

डोंगरावरचा वणवा विझला, असं खाली सगळे म्हणत होते. तो खरंच विझलाय का, हे चाचपून बघायला आम्ही तिघं चढलो होतो. अग्निशमन पथकातली माझी मोठी बहीण, करवतवाले काका आणि झाडांचा अभ्यास करणारी मी. माझा जीव मात्र एकाच झाडात अडकला होता. कड्यावरचं ते म्हातारं झाड म्हणजे त्याच्या जातीचं डोंगरावर उरलेलं शेवटचं. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर यंदा त्याला कळ्या धरल्या होत्या.

जमिनीखालची धग मुळामुळाने सरकत थेट त्याच्या बुंध्यात शिरली होती. बुंधा पोकळ! कान लावला, तर आत घुमणारा आवाज.

"आतून पेटलंय. पाडायचं?" ताईने विचारलं. "झाडाची राखण तुझ्याकडे. तू सांग."

"थांब. आधी पाणी."

"काका, करवत काय नुसती मिरवायला आणलीत?"

"मी धार लावून ठेवतो, पोरींनो. तुमचं भांडण झालं की हाक मारा."

पाठीवरचे पंप आम्ही ढोलीत रिकामे केले. वाफ उसळली! बुंध्याची फट ओल्या मातीने लिंपली. आवाज थांबला. खोडाला हात लावला, तर गार.

"बघ!" मी हसलेच.

ताई हसली नाही. तिने माझा हात धरून खोडावर उंच नेला. चटका बसला! जळालेल्या मुळांच्या पोकळ्यांतून हवा आत ओढली जातच होती.

इतक्यात वारा फिरला. शेंड्यातून ठिणग्यांचा फवारा उडाला! एक ठिणगी कड्यापलीकडच्या वाळक्या गवतात पडली. ताई धावली. घसरली. कड्याच्या टोकावर पालथी पडून तिने ओल्या गोणपाटाने ती चेपली. पलीकडे उतारभर तसंच गवत आणि त्याखाली वस्ती. दोरीवर वाळत घातलेले कपडे इथूनही दिसत होते.

पुन्हा फवारा!

"पाणी संपलं, बाई," ताई धापा टाकत म्हणाली. तिच्या भुवया करपल्या होत्या. "आता तरी बोल."

खालच्या फांदीवरच्या कळ्या अजून हिरव्या होत्या. बी धरायला अवकाश होता. माझ्या मनातली ही धुगधुगी मात्र ताईला विझवता येणार नव्हती; ती मलाच विझवायची होती.

"काका," मी म्हणाले, "कड्याच्या अलीकडे, राखेच्या बाजूला. पाडा!"