खंडेनवमीचा बार

बारामतीच्या आमच्या संग्रहालयात ठासणीच्या अकरा बंदुका आहेत, सगळ्या एकाच मापाच्या. दर खंडेनवमीला सकाळी मी काचेचं कपाट उघडते आणि एकेकीच्या नळीत लोखंडी गज सोडते. गजावर खडूची खूण आहे. नळी रिकामी असली की खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते, आत बार ठासलेला असला तर वर राहते. यंदाही अकराच्या अकरा रिकाम्या निघाल्या. कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. नवससायास माझ्याच्यानं होत नाहीत. माझा विश्वास गजावर.

साडेअकराला सांगवीचे रावजीआबा आले, सून दिपालीचा हात धरून. सातवी बंदूक त्यांच्या घराण्यातली. वय नव्वद, कान पार गेलेले.

"आबांस्नी एकदा तिचा बार ऐकायचाय, मॅडम," दिपाली म्हणाली. "पुढची नवमी गाठत्याल असं वाटत न्हाय."

"अहो, नोंदीतली वस्तू ती, उडवायची कशी? आणि हे ऐकणार कशानं?" मी फटकन बोलून गेले. माझी जीभच तशी. मग वाईट वाटलं.

आबा काचेकडेच बघत होते. "आमच्यात नवमीला बरुबर बाराला बार काढत्यात. आन् लगीच भरून ठिवत्यात. रिकामी बंदूक घरात ठिवायची न्हाय."

काचेला हळदकुंकू लावा म्हटलं. तेवढंच माझ्या हातात होतं. दिपालीनं झेंडूचं फूल ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले.

मला काहीही ऐकू आलं नाही. दिपालीलाही नाही.

पण पायाखालची फरशी थरारली. पत्र्यावरची झाडून सगळी कबुतरं एकदम उडाली.

आबा दचकले. मग त्यांचे डोळे भरून आले.

"त्योच," ते म्हणाले. "आमच्या बापाच्या येळचा."

दालनात दिवाळीच्या फटाक्यांचा असतो तसा वास पसरला. माझे हात जोडलेले होते. कधी जोडले, आठवत नाही.

ती दोघं गेल्यावर मी कमरेची किल्ली काढली. कुलूप जसंच्या तसं होतं. सातवीची नळी नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी गरम लागली.

मी गज सोडला.

खूण चार बोटं वर राहिली.