जाड तारेची खरखर

"उद्या चारच्या आत," टिकली म्हणाली, "बेसकाका चुकत नाहीत हे सिद्ध करायचं. नंतर करून काही उपयोग नाही."

सभागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर तिघं बसले होते. टिकली, लांब्या आणि घोकू. तिघं एकाच वर्गातले आणि ‘तळमजला’ नावाच्या बँडचे इतके वेडे, की घरच्यांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. दर शनिवारी दुपारी इथे बँडचा कार्यक्रम असायचा आणि ही मंडळी तासभर आधी येऊन पहिल्या रांगेत ठाण मांडायची. आता सुट्टी लागल्यापासून तर तालमीलासुद्धा हजर.

त्यांची ऐकायची एक रीत होती. सगळ्यांनी सगळंच ऐकलं तर कुणीच धड ऐकत नाही, असं घोकूचं म्हणणं. म्हणून त्यांनी बँड आपसांत वाटून घेतला होता. घोकूकडे गाणाऱ्या ताई, कारण त्याला सगळी गाणी तोंडपाठ. लांब्याकडे ड्रम. आणि चिठ्ठ्या टाकल्यावर टिकलीच्या वाट्याला आला बेस, म्हणजे ती जाड तारांची गिटार, जी वाजत असते तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही आणि थांबली की गाणं एकदम पोकळ वाटतं. त्या दिवशी टिकली चांगली फुरंगटून बसली होती. पण आता दोन वर्षांनी बेसकाकांचं बोट कुठल्या तारेवर आहे, हे तिला डोळे मिटूनही कळायचं. कार्यक्रम संपला की तिघं याच पायऱ्यांवर बसून आपापला वाटा एकमेकांना सांगायचे आणि टिकली ते सगळं वहीत उतरवायची.

आजच्या तालमीत मात्र भलतंच घडलं होतं. गेले तीन शनिवार बेसमधून मध्येच खर्रर्र असा घाणेरडा आवाज यायचा. काकांनी तारा बदलल्या, वायर बदलली, तरी तो जाईना. आवाज माझ्या गिटारचा नाही, असं ते आज पुन्हा सांगायला गेले, तेव्हा सभागृहाचे व्यवस्थापक खुर्चीतूनच म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसले. काकाही हसले. पण गिटार पेटीत ठेवताना त्यांना पेटीची कडी तीनदा लावावी लागली, हे टिकलीने पाहिलं. आणि मग ताईंनी हळूच सांगितलं, की उद्या चार वाजता एक नवा मुलगा येतोय, त्याचं जमलं तर शनिवारपासून तोच वाजवेल. काका, तुम्हीही आता जरा विश्रांती घ्या.

अठरा वर्षं वाजवणाऱ्या माणसाला विश्रांती घ्या म्हणतात! टिकलीला नुसता राग आला होता, आणि राग आला की ती वही उघडायची.

"पुरावा?" घोकूने विचारलं. तो प्रत्येक गोष्टीला हेच विचारायचा.

टिकलीने पानं उलटली. तीन शनिवार, तिन्ही दिवशी खर्रर्र. त्याआधी वर्षभरात एकदाही नाही. आणि मधल्या बुधवारी शाळेच्या मैदानावर कार्यक्रम झाला, तिथेही नाही. गिटार तीच, माणूस तोच.

"मग काकांची बोटं काय फक्त या सभागृहातच म्हातारी होतात?" ती म्हणाली.

लांब्याने डोकं खाजवलं. म्हणजे खोट सभागृहात आहे, असं त्याने ठरवून टाकलं. पण तीन आठवड्यांपूर्वी इथे नवीन काय आलं? तिघांनी आठवून पाहिलं. खुर्च्या जुन्याच, पडदाही जुनाच. मग घोकू ताडकन उठला. स्टेजच्या वर हवेसाठी पत्र्याची मोठी चौकोनी जाळी बसवली होती, त्याच सुमारास! बसवणारा माणूस घाईत होता, आणि काम बघून घ्या म्हणाला तेव्हा व्यवस्थापकांनी वर्तमानपत्रातून मानही वर न करता सही ठोकली होती. तिकिटांच्या रांगेतून घोकूने ते स्वतः पाहिलं होतं.

व्यवस्थापकांना मुलं आपसांत बघूकाका म्हणायची, कारण त्यांचं प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर असायचं. तिघं लगेच त्यांच्याकडे गेले आणि जाळी तपासा म्हणाले.

"बघू," बघूकाका म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तिथेच घोडं अडलं. ताईंना सांगावं तर पुराव्याशिवाय त्या तरी कशा ऐकणार? काकांची लाडकी पोरं काकांची बाजू घेतायत, एवढंच म्हणतील. जाड तारेच्या सुराने जाळीच थरथरून खरखरते, हे सगळ्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं होतं, आणि त्यासाठी काकांची मदत हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं काकांच्या दुकानात धडकले. काका शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. दुकानभर यंत्रं, टेबलावर तेलाची बुधली आणि बारीक स्क्रूंच्या वाट्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. कुणी आपल्यासाठी भांडावं हे त्यांना नको होतं. आणि खरं सांगायचं तर, आता त्यांनाच शंका यायला लागली होती. वय झालं की हात कापतात, आपल्याला कळतही नाही, असं ते म्हणाले.

टिकलीने वही त्यांच्यापुढे धरली. "गेल्या शनिवारी ‘उलटा जिना’ गाण्यात तुम्ही जाड तार एकदाही मोकळी, बोटाने न दाबता, छेडली नाही. तोच सूर दर वेळी वरच्या सप्तकात घेतलात. खरखर येऊ नये म्हणून. आणि कुठेही चुकला नाहीत. हात कापणाऱ्या माणसाला ऐन गाण्यात हे जमतं?"

काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. "हे ताईंच्याही लक्षात आलं नाही," ते म्हणाले. "तुला कसं कळलं?"

"माझ्या वाट्याला तुम्हीच आहात ना."

काकांनी चष्मा पुसला, हात पुसले, आणि कितीला यायचं ते विचारलं.

तीन वाजता तालीम सुरू व्हायची होती. पावणेतीनला लांब्या बघूकाकांपुढे उभा राहिला आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, की सुट्टीत आम्हाला काही उद्योग नाही, स्टेजवरची जळमटं काढून देऊ का? आपलं काम परस्पर होतंय म्हटल्यावर बघूकाकांची कळी खुलली. आयुष्यात पहिल्यांदाच ते ‘बघू’ म्हणाले नाहीत. बांबूला बांधलेला लांबलचक झाडू त्यांनी स्वतः आणून दिला.

तालीम सुरू झाली. लांब्या स्टेजच्या कडेला झाडू घेऊन उभा. ताईंनी त्याला खाली उतरायला सांगितलं, तेव्हा टिकली उठली.

"ताई, दोनच मिनिटं द्या. काका, जाड तार. मोकळी."

काकांनी तार छेडली. खर्रर्र! ड्रमवाल्या दादांनी तोंड वाकडं केलं. टिकलीने खूण केली, तसा लांब्याने झाडूचा दांडा वर जाळीला टेकवून घट्ट दाबला. काकांनी पुन्हा तार छेडली.

सूर आला. स्वच्छ, गोल, लांब. खरखर औषधालाही नव्हती.

लांब्याने दांडा काढला, पुन्हा खर्रर्र. दाबला, पुन्हा शांत. ताई सावकाश स्टेजच्या मध्यावर आल्या आणि मान वर करून ऐकू लागल्या. चौथ्यांदा लांब्याने जरा जोर लावला, तशी जाळीच्या कोपऱ्यातून कागदाचा बोळा टपकन खाली पडला. मागोमाग दुसरा. पत्र्याचा एक कोपरा वीतभर खाली लोंबला.

"सगळे मागे व्हा," काका ओरडले आणि त्यांनी लांब्याला दंडाला धरून बाजूला ओढलं.

शिडी आली, ड्रमवाले दादा वर चढले. चार भोकांपैकी एकातच स्क्रू होता. बाकीच्या तिन्हींत कागद कोंबून वरून रंग फासलेला. एवढा मोठा पत्रा तीन आठवडे एका स्क्रूवर लटकत होता, आणि त्याच्या बरोबर खाली काकांची उभं राहायची जागा होती.

"बघू आता, त्या माणसाला..." बघूकाकांनी सुरुवात केली.

"बघू नका," ताई म्हणाल्या. "आत्ता फोन करा. पत्रा उतरेपर्यंत स्टेजवर कुणी पाऊल ठेवणार नाही. आणि अंगण खरंच वाकडं होतं, एवढं लक्षात ठेवा."

बघूकाका लाल होऊन फोनकडे पळाले. ताई काकांजवळ गेल्या. अठरा वर्षं शेजारी उभं राहून गायले आणि तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, माझं चुकलं, असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. काकांनी फक्त त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग ताई मुलांकडे वळल्या. "कान आम्हा सगळ्यांनाच आहेत रे, पण ऐकलंत ते तुम्ही."

चारला नवा मुलगा आला. झाला प्रकार ऐकून त्याने आपल्या गिटारची पेटी उघडलीच नाही. काका शिकवणार असतील तर मी रोज येईन, म्हणाला. पत्रा उतरवायला शिडीही त्यानेच धरली.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. ‘उलटा जिना’ सुरू झालं. जाड तारेची जागा आली तेव्हा काकांनी पहिल्या रांगेत बघितलं, बरोबर टिकलीकडे, आणि तार मोकळी सोडली. तो सूर खुर्चीतून, पायांतून वर आला. टिकलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

कार्यक्रम संपल्यावर तिघं पायऱ्यांवर बसले. टिकलीने वही उघडली आणि लांब्याला विचारलं, ड्रम कसा होता? लांब्या गप्प. ताईंनी दुसऱ्या कडव्यात काय केलं, असं घोकूला विचारलं. घोकूही गप्प.

"अरे, बोला की!"

"काय सांगणार?" लांब्या कसनुसा हसला. "आज मी बेसच ऐकत होतो."

"मीपण," घोकू म्हणाला.